एका पिनेचे तीन नंबर

विहिरीवरील मोटार संगणकाकडून चालू-बंद करविण्याची ज्या कास्तकार बंधूंची इच्छा असेल, त्यांनी प्रथम पिनेचा नंबर ओळखण्यास शिकावे. यात चूक झाल्यास कोरड्या विहिरीवर मोटार फिरत राहून जळावयाची.

लिनक्सवर चालणारा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा बोर्ड उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या कडेस 40 पिना दोन ओळींत आहेत. कडेपासून मोजून येतो तो जागेचा नंबर. बोर्डावरील मुख्य चिपने आपल्या प्रत्येक लाइनीस दिलेला नंबर निराळा. त्यास जीपीआयओ नंबर म्हणतात. जागा 11 वर जीपीआयओ 17 आहे, तर जीपीआयओ 11 हा जागा 23 वर. जागा 17 वर तर 3.3 व्होल्टचा कायमचा पुरवठा आहे! म्हणून पुस्तकातील ‘17’ वाचून जो सतरावी पिन मोजील व तेथे रिले जोडील, त्याची मोटार आज्ञेने चालूही होणार नाही व बंदही होणार नाही.

तिसरा नंबर लिनक्सचा स्वतःचा. पूर्वी या बोर्डावर तो जीपीआयओ नंबराशी जुळत असे. लिनक्सच्या 6.6 या आवृत्तीपासून चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर ही मोजणी 512 पासून सुरू होते. सबब 17 चा 529 झाला, आणि जुन्या रीतीने लिहिलेले कार्यक्रम अडले.

हा प्रकार आपणांस नवा नाही. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर येतो. जमीन मात्र तीच राहते. शिवाय नुसते ‘नंबर 17’ म्हटल्याने शेत सापडत नाही. दारव्ह्याकडेही 17 आहे, पुसदकडेही आहे. मौजा सांगावा लागतो. तद्वत चिप हा मौजा व लाइन हा शेताचा नंबर समजावा. 2016 पासून लिनक्सने हीच रीत स्वीकारली असून एकेरी नंबराची जुनी रीत त्याज्य ठरविली आहे. नवे कार्यक्रम चिप व लाइन सांगूनच लिहावेत.

कामाचा क्रम असा ठेवावा. ‘पिनआउट’ ही आज्ञा देऊन बोर्डाचा नकाशा पाहावा. ‘जीपीआयओइन्फो’ या आज्ञेने चिप व लाइनींची नावे वाचावी. मग रिलेऐवजी 330 ओहमच्या रोधासह बारीक एलईडी दिवा जोडून परीक्षा करावी. पिनेस 3.3 व्होल्टपेक्षा अधिक दाब देऊ नये. जागा 2 व 4 वर 5 व्होल्ट असतात, त्यांचा स्पर्श इतर पिनांस होऊ देऊ नये. बोर्ड सुरू होताना मोटार बंदच राहते याची खात्री करावी. स्टार्टरचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावे, आणि कोरड्या विहिरीचा बचाव स्टार्टरात स्वतंत्र ठेवावा.

शेवटी, तिन्ही नंबर एका कागदावर लिहून तो स्टार्टरच्या पेटीत चिकटवावा. सातबारा जपतो तसाच तो जपावा, हीच आमची सूचना.