एक संगणक, दोन पडदे

जुन्या कागदाचे लिप्यंतर करताना विद्यार्थ्याचे लक्ष दोन ठिकाणी असावे लागते : मूळ पानावर आणि आपण लिहीत असलेल्या मजकुरावर. मोडी कागदपत्रांत हे काम अधिकच जिकिरीचे होते. मोडीत ओळीची शिरोरेषा आधी ओढतात, शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळलेला नसतो. अशा ओळीवरून नजर हलली की ती पुन्हा नेमकी त्याच जागी येईल, याची खात्री नसते. एकच शब्द जवळच्या दोन ओळींत आला असेल, तर नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जाते व मधला मजकूर गळतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना नकलाकारांचा हा दोष चांगला परिचित आहे.

आज मूळ पानाचे छायाचित्र संगणकावर उघडून लिप्यंतर टंकित करण्याची पद्धत रूढ झाली आहे. परंतु एकाच पडद्यावर छायाचित्र व मजकूर आलटून पालटून पाहिल्यास तोच दोष नव्या वाटेने शिरतो. यावर सोपा उपाय म्हणजे संगणकास दोन मॉनिटर जोडणे. ही सोय नवी नव्हे. १९८७ सालच्या मॅकिंटॉश टू या संगणकात ती होती. विंडोजमध्ये ती १९९८ साली, विंडोज ९८ बरोबर आली. प्रस्तुत लेखात या जोडणीचा थोडक्यात विचार केला आहे.

१. खरेदीपूर्वी पाहणी : दुसरा मॉनिटर विकत घेण्याआधी संगणकाची मागील बाजू पाहावी. मॉनिटरची केबल जोडण्याच्या जागा, म्हणजे पोर्ट, किती व कोणत्या प्रकारचे आहेत, हे टिपून घ्यावे. जुने व्हीजीए पोर्ट पंधरा छिद्रांचे असते. नव्या यंत्रांत एचडीएमआय अथवा डिस्प्लेपोर्ट आढळते. यूएसबीच्या पोर्टांशेजारी असलेली पोर्ट मदरबोर्डची होत. त्यांखाली वेगळ्या पट्टीवर आणखी पोर्ट असतील, तर यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविले आहे असे समजावे. अशा वेळी दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडावेत. कारण कार्ड बसविल्यावर पुष्कळ यंत्रांत मदरबोर्डची पोर्ट बंद होतात.

२. केबल : एका पोर्टाला दोन तोंडे देणारा स्वस्त स्प्लिटर घेण्याचा मोह होतो. त्याने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. आपले काम त्याने होत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए मॉनिटर चालवायचा असल्यास साधी केबल पुरत नाही, संकेताचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल बहुधा एकाच दिशेने चालते. संगणकाच्या बाजूस डिस्प्लेपोर्ट व मॉनिटरच्या बाजूस एचडीएमआय असे तिचे टोक असावे लागते.

३. जोडणी : संगणक बंद करून केबल जोडाव्यात व मग तो सुरू करावा. विंडोज ७ पासून पुढे विंडोजची कळ व पी ही कळ एकत्र दाबली असता चार पर्याय दिसतात. त्यांपैकी ‘डुप्लिकेट’ने दोन्हीकडे एकच चित्र येते, आपणांस ‘एक्स्टेंड’ हवे. दुसरा पडदा काळाच राहिला, तर त्या मॉनिटरच्या मेनूत योग्य पोर्ट निवडले आहे की नाही, हे प्रथम तपासावे. नंतर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन १ व २ या चौकटी टेबलावरील मॉनिटरांप्रमाणेच डावी-उजवीकडे सरकवाव्यात. हे न केल्यास उजवीकडे नेलेला माऊसचा बाण कडेला अडतो व डावीकडून बाहेर पडतो.

४. मांडणी : ज्या पडद्याकडे अधिक वेळ पाहायचे तो समोर असावा, दुसरा त्याला लागून किंचित आत वळवावा. दोहोंच्या वरच्या कडा शक्यतो एका पातळीत व डोळ्यांच्या उंचीपेक्षा वर जाणार नाहीत अशा असाव्यात. मॉनिटरचा स्टँड फिरणारा असल्यास मूळ कागदाचा पडदा उभा करून सेटिंग्जमध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडावे. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा उभा केला की उंचीत १९२० बिंदू मिळतात आणि लांबट कागदाच्या बऱ्याच ओळी एका वेळी दिसतात.

एवढे झाल्यावर मूळ पान डोळ्यांसमोरून हलत नाही, हा या मांडणीचा खरा लाभ होय. मात्र दुसऱ्या पडद्यावर निरोप व चित्रफिती उघड्या ठेवल्या, तर एका पडद्याचा विद्यार्थीच अधिक शुद्ध काम करील. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली व १९६६ साली पूर्ण केली. ते सारे पाठ विद्वानांनी हस्तलिखिते समोर ठेवून हातानेच ताडून पाहिले. पडदे दोन झाले, तरी शेवटी अक्षर अक्षराशी ताडून पाहण्याचे काम वाचणाऱ्यालाच करावे लागते.