गिअर हाती की गाडीच्या हवाली?

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

‘वडाप’ हा शब्द कोणत्या कोशात सापडतो की नाही, हे आमच्या मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी सांगावे. आटपाडी तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवरून महाविद्यालयात येणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना मात्र तो पाठ्यपुस्तकातील कोणत्याही शब्दापेक्षा जवळचा आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला, तेव्हा आमच्या भागातील कितीतरी मुलामुलींचे शिक्षण या वडापच्या गाड्यांनीच चालू ठेवले. माझे चुलते तात्या गेली बावीस वर्षे अशी गाडी चालवतात. यंदा त्यांना नवी गाडी घ्यावयाची होती आणि घरात एकच वाद पेटला : हाताच्या गिअरची घ्यावी की स्वयंचलित, म्हणजे ज्याला आपण ऑटोमॅटिक म्हणतो तशी? त्या वादातून मला जे शिकावयास मिळाले ते येथे मांडते आहे. कला शाखेच्या अंकात यंत्राची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचून मग म्हणावे, एवढीच विनंती.

रस्ता

आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत आहे. त्यात निम्मा मुरूम, थोडी काळी जमीन आणि मध्ये एक ओढा. माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस थोडा आणि तोही बहुतेक परतीचा. पूर्वी हा ओढा वर्षातून आठ-दहा महिने कोरडा असे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी तालुक्यात आल्यापासून ओढ्याला ऐन उन्हाळ्यातही पाणी दिसू लागले. डाळिंबाच्या बागांना ते वरदान ठरले. पण वाहनापुढे नवा प्रश्न आला, कारण कोरडी वाळू, ओली वाळू आणि चिकण माती एकाच अर्ध्या किलोमीटरात लागू लागली.

गेल्या वर्षी परीक्षेच्या पहिल्याच दिवशी आमची जुनी गाडी याच ओढ्यात रुतली. आत अकरा माणसे, त्यांत आम्ही चौघी विद्यार्थिनी. तात्यांनी अर्धा क्लच धरून गाडी पुढे-मागे झुलवली. चार-पाच वेळा झुलवल्यावर जळका वास आला. मग इंजिन ओरडत राहिले आणि चाके जागची हलेनात. क्लच प्लेट जळाली होती. आम्ही चालत डांबरीला आलो आणि दुधाच्या टेम्पोतून परीक्षेला वीस मिनिटे उशिरा पोहोचलो. चौघींपैकी एकीच्या घरी तिला कॉलेजला पाठवावे की नाही, यावर आधीच कुरबुर होती. त्यांना निमित्तच मिळाले. पुढे आठवडाभर ती आली नाही. गाडीचा गिअर आणि एखाद्या मुलीचे शिक्षण यांचा संबंध असा असतो.

गिअर काय करतो?

मोटारीचे इंजिन बैलासारखे उभ्या उभ्या जोर लावू शकत नाही. ते फिरत असेल तरच त्याला ओढ असते. अगदी हळू झाले की बंद पडते. म्हणून इंजिनाचे फेरे कमी करून चाकाकडची ओढ वाढवावी लागते. हे काम गिअर करतात.

एक साधे गणित पाहू. समजा पहिल्या गिअरात इंजिनाचे चार फेरे होतात तेव्हा पुढच्या दांड्याचा एक होतो, आणि मागच्या ॲक्सलमध्ये पुन्हा चारास एक. म्हणजे इंजिनाच्या सोळा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर चाक सुमारे ६२ फेरे घेईल. एका फेऱ्यात चाक सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे जाते, तेव्हा वेग ताशी आठ किलोमीटरच्या थोडा वर पडतो. धोंड्यांच्या चढावर किंवा ओढ्याच्या उतारावर हा वेगसुद्धा जास्त होतो.

जीपची कल्पना करणाऱ्यांनी हे ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपला हाताचे तीनच गिअर होते. पण त्यामागे दोन पल्ल्यांची आणखी एक पेटी होती. खालचा पल्ला टाकला की वेग निम्मा आणि ओढ दुप्पट होई. आजच्या चारही चाके फिरवणाऱ्या गाड्यांत हा खालचा पल्ला सुमारे अडीच पटींचा असतो. वरच्या उदाहरणातील गाडी त्यामुळे ताशी साडेतीन किलोमीटरच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीने, क्लचला पाय न लावता रांगू शकते. दुर्दैवाने प्रवासी वाहतुकीच्या बहुतेक गाड्यांना हा पल्ला नसतो.

घसरण कोठे घ्यावयाची?

येथे मुख्य मुद्दा येतो. गाडीला आठपेक्षा कमी वेगाने जावयाचे आहे आणि इंजिनाला तर फिरत राहावयाचे आहे. या दोघांमध्ये कोठेतरी घसरण होणे अटळ आहे. प्रश्न एवढाच, की ती कोठे होऊ द्यावयाची.

हाताच्या गिअरात ती क्लच प्लेटवर होते. यालाच आपण ‘अर्धा क्लच’ म्हणतो. कोरड्या प्लेटची घासण म्हणजे उष्णता, आणि तात्यांच्या गाडीत त्या सकाळी जळाली ती हीच उष्णता.

स्वयंचलित गाडीच्या खऱ्या जुन्या प्रकारात ती तेलात होते. त्यातील यंत्राला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी या तत्त्वाचे एकस्व घेतले. दोन पंखे समोरासमोर तेलात ठेवलेले असतात. इंजिन एक फिरवते आणि उसळलेले तेल दुसऱ्याला फिरवते. मध्ये तिसरे चक्र तेलाला पुन्हा योग्य दिशेला वळवते, त्यामुळे निघतेवेळी ओढ सुमारे दुप्पट होते. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही आणि जळायला तेथे प्लेटच नसते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये पूर्ण स्वयंचलित पेटी बाजारात आणली, तीतही तेलाचाच दुवा होता.

दुसराही एक प्रकार आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओ गाडीपासून आपल्याकडे तो स्वस्त झाला. त्यात पेटी आणि क्लच हाताच्या गाडीचेच असतात; फक्त पायाचे काम यंत्र करते. शहरात तो सोयीचा. पण घसरण अजूनही प्लेटवरच होते, आणि चालकाच्या पायाला जे कळते ते यंत्राला कळत नाही. म्हणून वाळूसाठी ‘ऑटोमॅटिक’ घेताना आत तेल आहे की प्लेट, हे आधी विचारावे.

समज आणि अनुभव

‘आडरानात ऑटोमॅटिक काय कामाची?’ असे पारावर सगळेच म्हणतात. मीही म्हणत असे. मग आमच्या एका पाहुण्यांची टॉर्क कन्व्हर्टरची गाडी आम्ही त्याच ओढ्यात घातली. सावकाश पाय दाबल्यावर ती न थबकता पलीकडे गेली. त्याचे कारण सरळ आहे. वाळूत गिअर बदलताना क्लच दाबला की क्षणभर ओढ तुटते, आणि वाळूला तेवढा क्षण पुरतो. तेलाच्या पेटीत ओढ जवळजवळ तुटत नाही. महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये हाताची आणि टॉर्क कन्व्हर्टरची अशा दोन्ही पेट्या खालच्या पल्ल्यासह मिळू लागल्या, हे पाहता पारावरचा समज जुना झाला आहे.

उताराला मात्र हाताचा गिअर उजवा ठरतो. ‘ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर’ हा चालकांचा जुना मंत्र. भिवघाटाकडून येताना दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतात. स्वयंचलित गाडीतही खालचा गिअर हाताने धरून ठेवता येतो; पण चालकाने तो धरला पाहिजे. नुसते ‘डी’वर टाकून उतरल्यास सारा भार ब्रेकवर येतो.

आणखी एक अनुभव. त्याच पाहुण्यांची गाडी परत निघताना बॅटरी उतरल्याने सुरू होईना. हाताच्या गिअरची असती तर चौघांनी ढकलून दुसऱ्या गिअरात सुरू केली असती. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही, कारण चाकांकडून इंजिन फिरवण्याइतका दाब तेलात तयार होत नाही. मागची चाके जमिनीवर ठेवून ती लांब ओढूनही नेता येत नाही. पेटीला आतून तेल मिळत नाही. शेजारच्या वस्तीवरून दुसरी बॅटरी येईपर्यंत दोन तास गेले.

तात्या तेव्हा म्हणाले, “पोरी, गाडी नुसती हुशार असून भागत न्हाय. ती बिघडली तर हितल्या माणसाला नीट करता आली पायजे.”

तात्यांचा गुडघा

एवढ्यावर निकाल लागला असता. पण तात्यांचा डावा गुडघा बावीस वर्षे क्लच दाबून दुखावला आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे, की पायाला आराम द्या. मी घरात त्यांचीच बाजू लावून धरली, की चार पैसे जास्त गेले तरी चालतील, स्वयंचलितच घ्या.

मग आम्ही गाड्या पाहू लागलो, आणि मला सर्वांत मोठा धडा मिळाला. दहा-बारा माणसे घेऊन वाईट रस्त्यावर चालेल अशा गाडीत निवड फारशी नव्हतीच! बोलेरो, ट्रॅक्स या खेड्यांतल्या गाड्या हाताच्याच गिअरच्या. २०२४ मध्ये आलेली पाच दारांची, सात आसनांची गुरखाही हाताच्याच गिअरची. इनोव्हा क्रिस्टाची डिझेल गाडी २०१६ मध्ये स्वयंचलित मिळे. २०२३ मध्ये ती पुन्हा आली ती फक्त हाताच्या गिअरात. जेथे स्वयंचलित मिळते तेथे किंमत साधारण लाखभराने किंवा त्याहूनही वाढते आणि आसने सात-आठच राहतात. म्हणजे दिवसातून एकदा कार्यालयात जाणाऱ्याच्या पायाला यंत्राने आराम दिला. दिवसातून शेकडो वेळा क्लच दाबणाऱ्याच्या पायाचा विचार राहून गेला.

निर्णय

शेवटी हाताच्या गिअरची जुनीच, पण बऱ्या स्थितीतील ट्रॅक्स घेतली. क्लच प्लेट आटपाडीत एका दिवसात बदलून मिळते; स्वयंचलित पेटी उघडायची तर सांगली-कोल्हापूर गाठावे लागते, आणि तितके दिवस वस्तीवरची मुले घरी बसतात. ज्या रस्त्यावर गाडी बंद पडल्यास दुसरी मिळत नाही, तेथे चांगली चालणारी गाडी निवडण्यापेक्षा लवकर दुरुस्त होणारी निवडावी, हा माझा निष्कर्ष.

मात्र गाडीच्या कमीपणाची भरपाई आम्ही माणसांनी करावयाची ठरवली. घेताना क्लच तारेचा नसून तेलाच्या दाबावर चालणारा, हलका आहे, हे पाहून घेतले. ओढा आला की धडधाकट प्रवाशांनी उतरून चालत पलीकडे जावयाचे, असा नियम केला. दहा माणसांचे पाच-सहाशे किलो वजन उतरले की अर्ध्या क्लचची वेळच सहसा येत नाही. दुपारच्या फेऱ्या थोरल्या दादाने घेतल्या. तात्या आता सकाळची एकच फेरी करतात, कारण ती कॉलेजची फेरी आहे आणि ती कोणाला द्यावयास ते तयार नाहीत.

उद्या खालच्या पल्ल्याची, दहा आसनांची, तेलाच्या पेटीची गाडी परवडणाऱ्या किंमतीत आली आणि ती दुरुस्त करणारा माणूस आटपाडीत तयार झाला, तर माझा निष्कर्ष मी आनंदाने बदलीन. तोवर ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच, की यंत्राची निवड केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नाही. माती कोणती, पाणी कोठून येते, कारागीर किती लांब आहे, आणि गाडीत बसलेल्यांची त्या दिवशी कशाची वेळ चुकणार आहे, हे सारे भूगोलाचे आणि अर्थशास्त्राचे प्रश्न आहेत.

सुट्टीच्या दिवशी कोरड्या वाळूत तात्या मला गाडी शिकवतात. माझ्याकडून गाडी अजून बंद पडते. ती आठवडाभर न आलेली मैत्रीणही आता शिकावयास येते, आणि तिच्याकडून पडत नाही.