सतत गाणार कसं?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक १४



आजच्या श्लोकात भगवंत भक्तांची ओळख सांगतात. ते सतत माझं कीर्तन करतात, नेटाने प्रयत्न करतात, व्रत सोडत नाहीत, भक्तीने नमस्कार करतात. वाचताना मी नेहमी ‘सतत’ या शब्दाशी अडायचो. नोकरी, लोकल, घर... यात सतत कसं जमणार? आणि गाणाऱ्याला श्वास तरी घ्यावा लागतोच ना?

उत्तर मिळालं आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात.

दर एकादशीला आम्ही पंधरा-सोळा जण क्लबहाउसमध्ये हरिपाठ म्हणतो, मग अभंग. सगळे हौशी. बायकांना काळी चार सोयीची, पुरुषांना काळी एक. मग पेटीवाल्या काकू मधलाच सूर धरतात आणि दोन्हीकडून थोडी कुरकुर होते. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत. एका रांगेने चरण म्हणायचा, दुसरीने उचलायचा.

मी लहानपणी दोन वर्षं गाणं शिकलो होतो. भांडवल एवढंच, पण गर्व भरपूर! माझ्या शेजारी उभे राहणारे काका हमखास सुरातून खाली उतरायचे. एकदा मी बोलून गेलो, “काका, तुम्ही नुसता टाळ धरा ना, गाणं आम्ही सांभाळतो.” ते हसले. पुढच्या दोन एकादशींना ओठ मिटून टाळ वाजवत राहिले. मला ते दिसत होतं, तरी मी काही बोललो नाही.

मग माझे बाबा गेले. तेराव्यानंतरच्या एकादशीला मी मंडळात गेलो. बाबांच्या आवडीचा अभंग निघाला, चरण माझ्याकडे होता. पहिला शब्द आला आणि गळा दाटला. वाटलं, आता भजन थांबणार.

थांबलं नाही. शेजारून काकांनी चरण उचलला, नेहमीसारखाच जरा उतरलेल्या सुरात. त्यांच्यामागे सगळी रांग. तिसऱ्या आवर्तनाला माझा आवाज परत आला.

त्या रात्री मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “अरे, मी तरी तुझ्या आवाजाला धरूनच गात होतो.”

घरी येऊन श्लोक पुन्हा उघडला. मूळ संस्कृतात ‘कीर्तयन्तः’ आहे, म्हणजे कीर्तन करणारे. अनेकवचन! प्रयत्न करणारेही अनेक, नमस्कार करणारेही अनेक. एकट्याला सतत गाता येत नाहीच. माझा श्वास संपतो तेव्हा शेजारचा गात असतो, त्याचा संपतो तेव्हा मी. ‘सतत’ हे माझ्या एकट्याचं काम नाही, ते रांगेचं आहे.

याच श्लोकावर लिहिताना ज्ञानेश्वर माउली सांगतात की, कीर्तनाने प्रायश्चित्तांचा धंदाच बसवला. माझ्यापुरतं मला हे पटलंय. ज्यांना मी गप्प केलं, त्यांच्याच सुरात मला पुन्हा गाता आलं.

आज एवढंच करून बघू या : तुमच्यामुळे कोणी गप्प बसलंय का? घरात, ऑफिसात, मंडळात? त्यांना आजच एक फोन करा.

प्रार्थना : पांडुरंगा, माझा सूर लागू दे. आणि नाही लागला, तर शेजारच्याचा ऐकू येऊ दे.

राम कृष्ण हरी 🙏