नेत्रदानाचे आधी घरात ठरवा

सोयाबीनची मळणी सुरू झाली की कनेरगाव नाक्याच्या शिवारात डोळ्यात भुसा, कुसळ जाणे नित्याचेच. माणूस डोळा चोळतो, पाणी मारतो आणि फारच टोचले तर मेडिकलवरून ड्रॉप आणतो. घात तिथेच होतो. काडीकचऱ्यासोबत बुरशी बुबुळात शिरलेली असू शकते. ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असले तर लाली उतरून बरे वाटते, आत मात्र बुरशी फोफावते. जखम भरली तरी फूल पडते. ते दाट आणि मधोमध असेल तर चष्म्याने भागत नाही, मृत माणसाचे बुबुळच बसवावे लागते. म्हणून डोळ्यात काही गेले, दुखू लागले, की ड्रॉप न आणता नेत्रतज्ज्ञ गाठा.

हे प्रत्यारोपण नवे नाही. 1905 मध्ये डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या मजुराला दुसऱ्याचे बुबुळ बसवून दृष्टी दिली. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एरवी रक्तगट जुळवावा लागत नाही. मरणोत्तर मूत्रपिंड किंवा यकृत द्यायचे तर सहसा मेंदूमृत रुग्ण व्हेंटिलेटरवर, मोठ्या दवाखान्यात असावा लागतो. हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या गावात घरीच वारलेल्या माणसाला ते कुठून जमणार? नेत्रदान मात्र घरच्या खाटेवरूनही होते. अडचण वेळेची आहे: बुबुळे साधारण सहा तासांत काढावी लागतात. पाहुण्यांची वाट पाहण्यात तेवढा वेळ सहज जातो. म्हणून माझे म्हणणे असे की, हा निर्णय रडारडीत घ्यायचा नाही. घरातली माणसे धडधाकट असतानाच घ्यायचा. नुसता फॉर्म भरून ठेवणे पुरत नाही, कारण ऐनवेळी संमती नातेवाइकांनाच द्यावी लागते.

चेहरा विद्रूप होईल, ही भीती खरी वाटते, पण पापण्या मिटवल्यावर काही दिसत नाही. म्हाताऱ्याचे डोळे काय कामाचे, असेही म्हणतात. वय, चष्मा, मोतीबिंदूचे ऑपरेशन, मधुमेह यांतले काहीच सहसा आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज असेल तर मात्र डोळे घेत नाहीत. नेत्रपेढीची गाडी वेळेत पोचेल का, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. दर वेळी पोचेलच असे नाही. त्यासाठी जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागातून नेत्रपेढीचा नंबर आजच घेऊन ठेवावा, आणि वेळ आली की आधी तो लावावा. तोवर पंखा बंद करून, डोक्याखाली उशी द्यावी, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांना लगेच सांगावे. शवविच्छेदन व्हायचे असले तरी परवानगीने नेत्रदान होऊ शकते.