साखर वाढली : ताटात काय बदलावे?

रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी 'मधुमेह आहे' असे सांगितले, की बहुतेक घरांत दोनपैकी एक प्रकार घडतो. काही रुग्ण धास्ती घेऊन जेवणच अर्ध्यावर आणतात. काही 'मला तर काहीच त्रास नाही' असे म्हणून गोळ्या फडताळात ठेवून देतात. हे दोन्ही मार्ग घातक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. म्हणजे हा आजार आता घरोघरचा झाला आहे. तो नीट समजून घेतला तर आटोक्यात ठेवता येतो.

आकडे काय सांगतात?

उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी 'एचबीए१सी' तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह समजतात. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. उपचार सुरू झाल्यावर सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ टक्क्यांखाली असावे. वृद्धांसाठी डॉक्टर ही मर्यादा थोडी सैल ठेवतात.

साखर केवळ गोडातून येत नाही

'मी चहा बिनसाखरेचा पितो, तरी साखर का वाढते?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा यांतील पिष्टमय पदार्थांची पोटात साखरच होते. ज्वारी-बाजरीची भाकरी चोथ्यामुळे चांगली खरी. पण 'भाकरी कितीही चालते' हा गैरसमज आहे. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्यानेही फरक पडत नाही. रक्तातील साखर त्यानेही वाढते.

ताटाचा सोपा हिशेब असा : अर्धे ताट भाजी व कोशिंबीर. यात मेथी, गवार, दोडका, पडवळ, कोबी, काकडी असे काहीही चालेल. बटाटा मात्र यात धरू नये. पाव ताट उसळ, घट्ट वरण, पिठले, अंडे किंवा मासे. उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. पोळी आणि भात दोन्ही हवे असतील तर एक पोळी कमी करून तेवढाच भात घ्यावा. आधी भाजी-उसळ खाऊन मग भाताकडे वळल्यास साखर सावकाश चढते. फळ रस काढून न घेता चावून खावे. पेरू, पपई, संत्रे बेताने चालते. आंब्याची एखादी फोड खायचीच असेल तर त्या जेवणात पोळी कमी करावी.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. शिवाय आठवड्यातून निदान पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे.

उपवास आणि गोळ्या

येथे विशेष सावध राहावे. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा होतो. सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि दिवसभर पोटात काही नाही, तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर एकदम खाली येऊ शकते. उलट साबुदाण्याची खिचडी भरपूर खाल्ली तर ती चढते. म्हणून उपवास करायचा असल्यास आधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी.

दरदरून घाम, हातापायांना कापरे, छातीत धडधड, कडकडून भूक ही साखर उतरल्याची लक्षणे होत. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व नंतर काहीतरी खाऊ घालावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये; ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

औषध मनाने सोडू नये

कारल्याचा रस, मेथीचे दाणे यांवर विसंबून औषध बंद करणारे पुष्कळ आहेत. कारले भाजी म्हणून उत्तम, पण ते गोळीची जागा घेत नाही. लहानपणी मधुमेह जडलेल्या रुग्णाचे इन्सुलिन बंद केले तर काही दिवसांतच जिवावर बेतते. वजन उतरले, साखर ताब्यात आली, तर डॉक्टर स्वतःच औषध कमी करतात.

वाढलेली साखर दुखत नाही, म्हणूनच ती फसवी. डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा ती गुपचूप पोखरते. तेव्हा वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व लघवीतील प्रथिने तपासावीत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. आणि घरच्यांसाठी एक सूचना : रुग्णाचे ताट वेगळे वाढू नका. वर सांगितलेला आहार सर्वांच्याच हिताचा आहे. सगळे घर तेच जेवले तर पथ्य वर्षानुवर्षे टिकते.