पट्टीच्या आधी दोरी

दहावीला भूमितीत मला चांगले गुण होते. पक्ष, साध्य, सिद्धता सगळं तोंडपाठ. त्या बळावर डी.एल.एड.ला आल्यावर गणिताचा पाठ कोण घेणार असं सरांनी विचारलं की माझा हात सगळ्यांत आधी वर जायचा. आंतरवासितेत नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गापुढे उभी राहिले. फळ्यावर आयत काढला, लांबी गुणिले रुंदी लिहिलं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, गुणायचं काहून? बेरीज काहून नाही?" मी म्हटलं, ते सूत्र आहे. तिनं मान डोलावली आणि खाली घालून वहीत लिहून घेतलं.

ते मान डोलावणं मला आजही सलतं. मला उत्तर ठाऊक नव्हतं. सूत्र पाठ होतं, पण ते नेमकं काय मोजतं हे मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून पाठ टाचणाच्या वहीशिवाय एक वेगळी वही ठेवली. दोन वर्षांत तिच्यात जे उतरलं, त्यातलं हे काही.

१. पट्टीवरचा एक म्हणजे वस्तू नव्हे, पहिल्या तुकड्याचा शेवट.

तिसरीतली अर्धी मुलं पेन्सिल पट्टीवर १ च्या रेघेपासून ठेवायची. सात सेंटिमीटरची पेन्सिल आठची व्हायची. आधी मी नुसतं "शून्यापासून ठेवा" सांगत राहिले. मुलं तसं करायची आणि दोन दिवसांनी पुन्हा एकावर यायची. मग लक्षात आलं की त्यांच्या परीनं ती बरोबरच होती. बोटं, पायऱ्या, गोट्या, सगळं एकापासूनच मोजायला आपण त्यांना शिकवलेलं. मोजायची वस्तू मात्र सलग आहे, तिच्यात आधी तुकडे पाडावे लागतात.

म्हणून पट्ट्या दप्तरात ठेवायला लावल्या. पुठ्ठ्याचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे कापून कागदाच्या लांब पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवले आणि आकडे कुठे लिहायचे ते मुलांवर सोडलं. बराच वाद झाला. शेवटी त्यांनीच आकडे तुकड्यांच्या टोकांना लिहिले. सुरुवातीची कड मोकळी राहिली, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "इथं तं अजून काहीच नाही झालं. इथं शून्य लिहू का?" पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे झिरो माइलला गेलो. सीताबर्डीजवळचा तो दगडी खांब आणि चार घोडे बसमधून बहुतेकांनी पाहिलेले, पण जवळ जाऊन कुणीच नव्हतं पाहिलं. देशाचा मध्य म्हणून नागपूरकर तो मिरवतात. मला मुलांना एवढंच दाखवायचं होतं, की खांबाजवळ गावांची नावं आणि त्यांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत, आणि ती सगळी इथल्या काहीच न झालेल्या जागेपासून मोजलेली आहेत.

२. एककासाठी आधी भांडण होऊ द्यावं.

एकच बाक तीन मुलांनी वितीनं मोजला. एकाला सात विती आल्या, एकीला आठ, उंच मुलाला सहा. कोण चुकलं? कुणीच नाही. ही कोंडी वर्गात पुरता अर्धा तास राहू द्यावी, असं मी आता मानते. मीटरची पट्टी पहिल्याच मिनिटाला हातात दिली, तर ती कशासाठी आहे हे मुलांना कधीच कळत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली तीही मापांच्या कोष्टकांनी सुरू होते. आठ यवांचं एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड. हिशोबाच्या आधी माप ठरवायला हवं, हे त्यांना ग्रंथाच्या पहिल्याच पानांत सांगावंसं वाटलं.

माझी आजी अजून धान्य पायलीनं सांगते आणि लुगडं वारानं. नऊवारी या शब्दातच माप बसलेलं आहे, हे मुलांना सांगितलं तेव्हा दोघीतिघींनी घरी जाऊन आजीचं लुगडं मोजलं. त्यांनी आणलेले आकडे एकमेकींशी जुळत नव्हते. त्यावर आणखी एक तास चांगला गेला.

३. क्षेत्रफळ म्हणजे फरश्या.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला घरीच मिळालं. बाबा गवंडी आहेत. एका रविवारी त्यांच्याबरोबर कामावर गेले, तेव्हा ते एका खोलीत फरशी बसवत होते. किती फरश्या लागतील ते त्यांनी सूत्रानं काढलं नाही. भिंतीलगत एक ओळ मांडली, ती बारा फरश्यांची. मग दुसऱ्या भिंतीकडे बघून म्हणाले, "अशा दहा ओळी बसतील." एका ओळीत बारा, अशा दहा ओळी. गुणाकार इथून येतो. बेरीजही चालते, बारा दहा वेळा मिळवायचे. मुलीचा प्रश्न चुकीचा नव्हताच.

पुढच्या पाठात वर्तमानपत्राचे एकेक फुटाचे चौरस कापून वर्गाच्या फरशीवर पसरले. त्यानंतर मैदानात चोवीस मीटर दोरी घेतली. तिची दोन्ही टोकं बांधून कुंपण केलं आणि मुलांना आयताकृती वावर आखायला सांगितलं. सहा बाय सहाचं वावर छत्तीस चौरस मीटरचं झालं. आठ बाय चार केल्यावर बत्तीस, दहा बाय दोन केल्यावर वीस. अकरा बाय एकच्या वावरात मुलं एकामागे एक रांगेत उभी राहिली आणि हसायला लागली. "दोरी तं तेवढीच आहे मॅडम, वावर कमी काहून झालं?" परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक मला स्वतःला इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता. शेतकऱ्यांच्या घरची मुलं लगेच गुंठ्यावर आली. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे त्यांना घरूनच ठाऊक होतं, पण गुंठा चौरसच असतो असा त्यांचा समज होता. दोरी हातात घेऊन तो मोडायला दोन दिवस लागले.

४. तिरपा ठेवलेला चौरस मुलांना चौरस दिसत नाही.

पुठ्ठ्याचा चौरस कोपऱ्यावर उभा धरला की दुसरी-तिसरीची मुलं म्हणतात, "हा तं पतंग आहे." सरळ धरला की पुन्हा चौरस. बाजू तेवढ्याच, कोन तेवढेच. सुरुवातीला मी याला निष्काळजीपणा समजले होते. मग ग्रंथालयातल्या एका पुस्तकात पिएर आणि डीना व्हॅन हिले या डच जोडप्याबद्दल वाचलं. दोघंही शिक्षक. १९५७ मध्ये त्यांनी मांडलं की भूमितीची समज पायऱ्यांनी चढते. आधी मूल आकार चेहऱ्यासारखा ओळखतं, मग त्याचे गुणधर्म वेगळे पाहू लागतं, मग ते गुणधर्म एकमेकांशी जोडतं. चौरस हाही आयतच असतो, हे पहिल्या पायरीवरच्या मुलाला पटवता येत नाही. घोकून घेता येतं, एवढंच. आणि आमच्या पुस्तकांत, तक्त्यांवर, फळ्यावर चौरस कायम पायावर उभा असतो. आता मी काढलेल्या दर तिसऱ्या आकृतीत कागद फिरवलेला असतो.

५. काटकोन आधी दोरीनं करून पाहावा.

बाबांच्या पिशवीत काटकोन तपासायचा गुण्या असतो, ओळंबा असतो, लाइनदोरी असते. पण पायाची आखणी करताना ते गुण्या बाजूला ठेवतात. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "गुण्या फूटभराचा आहे बेटा, अन् भिंत तीस फुटाची. इथं एक सूत चुकलं तर तिकडं तीस सूत चुकते." आठ सुतांचा इंच. म्हणजे भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ चार इंचांचा फरक. म्हणून ते एका बाजूवर सहा फुटांवर खुंटी ठोकतात, दुसरीवर आठ फुटांवर, आणि दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर दहा येईपर्यंत दोरी सरकवतात. कामावर याला सगळे तीन-चार-पाच म्हणतात.

मी दहावीत पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करून पूर्ण गुण मिळवले होते. माझ्याच घरातला माणूस ते रोज जमिनीवर मांडतो, हे मला विसाव्या वर्षी कळलं. शुल्बसूत्रांतल्या शुल्ब शब्दाचा अर्थही दोरीच. बौधायनांनी आयताच्या कर्णाचा नियम सांगितला तो यज्ञवेदीची आखणी करणाऱ्यांसाठी. बाबांना मी एकदा पाठाला बोलावलं. मैदानात त्यांनी मुलांकडून काटकोन आखून घेतला. कोनमापक कंपासपेटीतच राहिला.

६. कोन कशाला मोजायचे, हे हिंगणघाटच्या गोष्टीतून सांगावं.

हे मला सगळ्यांत जवळचं आहे. कोनाचा तास म्हणजे लघुकोन, विशालकोन, नावं द्या, मापं लिहा. मुलांना त्यात रस का वाटावा? मग भारताची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्बटनबद्दल वाचलं. १८०२ मध्ये त्यांनी मद्रासजवळ सात-साडेसात मैलांची एकच रेघ साखळीनं मोजली. तिला जवळजवळ दोन महिने लागले. पुढे सारा भर कोनांवर. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू हिशोबानं निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची होते. अशी त्रिकोणांची साखळी दक्षिणेतून वर चढत आली. कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळलं आणि त्याचं वर्तुळ वाकडं झालं. लॅम्बटन तंबूत बसून आठवडेच्या आठवडे ते हातानं सरळ करत राहिले. हैदराबादेहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं, ज्यांचं नाव शिखराला दिलं ते.

ही गोष्ट सांगून मी मुलांना मैदानाच्या पलीकडचं कडुनिंबाचं झाड दाखवलं. जवळ न जाता ते किती दूर आहे हे काढायचं होतं. दोन खुंट्या, दहा मीटरची रेघ, दोन टोकांवरून पुठ्ठ्याच्या कोनमापकानं दोन कोन. मग कागदावर एक मीटरला एक सेंटिमीटर धरून त्रिकोण काढला. उत्तर नंतर टेपनं तपासलं तर पाऊण मीटरनं चुकलं होतं. एकही मूल निराश झालं नाही. त्यांनी खुंट्या उपटल्या आणि पुन्हा सुरू केलं.

७. लिटरची खोकी.

दहा सेंटिमीटर बाजूची उघडी खोकी, आतून प्लास्टिक. तिच्यात पाण्याची एक लिटरची बाटली ओतली की काठोकाठ भरते. घनफळाचा धडा यानंतर शिकवावा.

८. वाकड्यातिकड्या आकारानं धडा संपवावा.

शेवटच्या आठवड्यात मुलांना पळसाची पानं आणायला सांगितली. तोवर चौथीची मुलं पाचवीत गेली होती. गुणाकाराचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीनं पान वहीवर ठेवलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "मॅडम, याची लांबी कोणती अन् रुंदी कोणती?" या वेळी मी उत्तर दिलं नाही. आलेख कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं पानाभोवती पेन्सिल फिरवली, पान बाजूला केलं आणि आतली घरं मोजू लागली. कडेला आली तेव्हा थांबली.

"हे अर्धे अर्धे जोडून एक एक करू का?"

"तुला काय वाटतं?"

तिनं कडेच्या घरांवर बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. तिचे ओठ हलत होते, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.