लहरींना कुलूप

रात्री निजण्यापूर्वी घरातील वडील माणसे दाराला कडी घातली आहे की नाही, हे एकदा पाहून घेतात. परंतु आज अनेक घरांना असाही एक दरवाजा असतो, की जो डोळ्यांना दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच तो उघडा राहिला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. हा दरवाजा म्हणजे वाय-फाय, अर्थात घरातील बिनतारी जाळे होय.

इंटरनेटची तार घरातील राउटर नावाच्या लहानशा पेटीपर्यंत येते. तेथून पुढे ही पेटी रेडिओलहरींच्या द्वारे माहिती चहूकडे पाठविते. विटांच्या भिंतीमुळे या लहरी काहीशा क्षीण होतात. पण अडत नाहीत. जिना, शेजारचे घर, खालचा रस्ता, येथपर्यंत त्या सहज पोहोचतात. तारेला हात लावण्यासाठी परक्याला घरात शिरावे लागते. लहरी मात्र आपण होऊनच त्याच्यापर्यंत जातात.

यातून केवढा अनर्थ ओढवू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांकडे धमकीचा एक ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका घरातील जोडणीपर्यंत जाऊन पोहोचला. तेथे राहणाऱ्या गृहस्थांना चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढे उघड झाले, की त्यांच्या असुरक्षित वाय-फायचा गैरवापर दुसऱ्यांनीच केला होता. कृत्य परक्याचे असले, तरी पत्ता प्रथम उमटतो तो जोडणीच्या मालकाचा!

मग या लहरींना कुलूप कसे लावावे? लहरी कोंडता येत नाहीत. परंतु त्यांवरील माहिती सांकेतिक रूपात पाठविता येते. यास कूटलेखन म्हणतात. १९९७ साली आलेली डब्ल्यूईपी ही पद्धती कच्ची असल्याचे संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ या अधिक भक्कम पद्धती आल्या. राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर ती, नसेल तर डब्ल्यूपीए२ निवडावी.

तथापि, कुलूप भक्कम असून किल्ली चौकटीवरच ठेवली, तर काय उपयोग? संकेतशब्द ही ती किल्ली होय. तो केवळ आठ अंकांचा असेल, तर त्याचे १० कोटीच प्रकार संभवतात. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळचे संदेश टिपून नेले, की शक्तिमान संगणक ते सर्व प्रकार काही मिनिटांत पडताळू शकतो. आठ इंग्रजी अक्षरे घेतली, तर हीच संख्या सुमारे २०,८८३ कोटी होते, आणि पुढे प्रत्येक अक्षरागणिक २६ पट वाढते. म्हणून जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक टाळून, परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत.

राउटरला दुसरीही एक किल्ली असते. त्याची मांडणी बदलण्याचा हा संकेतशब्द कारखान्यातून आला तसाच ठेवू नये. डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी; कारण तिचा आठ अंकी क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्ये दिसून आले. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे, आणि कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, ती यादी अधूनमधून पाहावी.

आणखी एक गोष्ट. शेजाऱ्याचे दार उघडे दिसले, म्हणून आपण आत शिरत नाही. दार लोटून घेऊन त्याला सावध करतो. अदृश्य दाराबाबतही सज्जनाचा धर्म हाच आहे.

शब्दार्थ : क्षीण – दुबळे, अनर्थ – मोठे संकट, पडताळणे – खरे-खोटे तपासून पाहणे.

स्वाध्याय
१. तारेपेक्षा लहरींची राखण अवघड का असते?
२. सानपाडा येथील घटनेवरून कोणता बोध मिळतो?
३. ‘किल्ली चौकटीवर ठेवणे’ हे शब्द पाठात कोणत्या अर्थाने आले आहेत?
४. घरातील वडील माणसांच्या मदतीने राउटरची मांडणी पाहा व कोणती कूटपद्धती वापरली आहे ते लिहा. संकेतशब्द मात्र वहीत लिहू नका.